केसपेपरवरची ती ओळ

एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं, निदान झालं, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, हार्मोनच्या गोळ्या सुरू आहेत आणि महिन्यातले बरेचसे दिवस मी आता माणसासारखी वावरते. त्याबद्दल फार लिहायचं नाही. लिहायचंय ते केसपेपरवरच्या एका ओळीबद्दल, कारण ती आठवली की आजही डोकं फिरतं.

‘सोनोग्राफी नॉर्मल. रुग्ण चिंताग्रस्त. तक्रारी तणावामुळे.’

मी सांगितलं होतं ते असं: पाळीच्या आधीपासून ओटीपोटात कळा, त्या थेट माकडहाडापर्यंत जातात, आणि पाळीत शौचाला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखं दुखतं. यातलं शौचाचं तर कागदावर आलंच नाही. मला विचारलं गेलं, घरी काही टेन्शन आहे का, झोप लागते का. ‘मूल झालं की थांबेल’ हेही ऐकून घेतलं. पुढे भावाची कंबर धरली तेव्हा त्याच डॉक्टरांकडे मी त्याच्यासोबत गेले होते. नेमकं कुठे दुखतं, पायात उतरतं का, मुंग्या येतात का, जरा वाकून दाखवा. निघताना त्याच्या हातात वेदनाशामक गोळ्या आणि फिजिओथेरपिस्टच्या नावाने चिठ्ठी. टेन्शनचा एकही प्रश्न नाही. त्याची नीट चौकशी झाली याचा मला आनंदच आहे. माझी का झाली नाही?

हे माझ्या एकटीच्या नशिबाचं नाही. 2008 मध्ये अमेरिकेतल्या एका आपत्कालीन विभागाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र पोटदुखी घेऊन आलेल्या पुरुषांना वेदनाशामक मिळायला साधारण 49 मिनिटं लागत होती, बायकांना 65. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या सुमारे 10 टक्के बायका-मुलींना एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे जगभरात 19 कोटी. इतका सर्रास आढळणारा आजार, आणि तरी तो ओळखायला कित्येकींची वर्षंच्या वर्षं जातात.

दुखणं सोसवत होतं एकवेळ, ती ओळ सोसवत नव्हती. कारण पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी फाइल उघडायचा, ओळ वाचायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. प्रश्न विचारण्याआधीच उत्तर ठरलेलं. मला चिंता नव्हती असं मी म्हणत नाही. दर महिन्याला असं दुखत असेल तर कोणालाही चिंता वाटेल. पण ती दुखण्यामुळे आली होती, कागदावर मात्र नेमकं उलटं होतं.

ओळ दुरुस्त करून घ्यायला रेकॉर्ड विभागात गेले. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, ‘डॉक्टरांनी लिहिलेलं आम्ही कसं बदलणार?’ डॉक्टरांकडे गेले, तर ‘रेकॉर्डवाल्यांना विचारा.’ परत खिडकी. या वेळी दुरुस्तीचा फॉर्म मिळाला. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन नंबर. डॉक्टरांच्या नोंदीसाठी रकानाच नाही! रकाना नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही. माझ्यामागे रांगेत उभे असलेले लोक चुळबुळत होते, मॅडम पुढच्या माणसाकडे बघत होत्या, आणि मी उभी होते ती एक हात पोटावर दाबून. त्या क्षणी मला रडू आलं असतं तर तेही फाइलीत गेलं असतं.

मार्ग निघाला तो मागणी बदलल्यावर. नोंद खोडून मिळत नाही, पण तिला आपलं म्हणणं जोडता येतं का, हे विचारायचं. साध्या कागदावर अर्ज लिहिला: अमुक तारखेची नोंद, त्यातली ओळ जशीच्या तशी, मी सांगितलेली पण न नोंदवलेली लक्षणं, आणि ‘हे निवेदन त्या नोंदीसोबत लावावं’ ही विनंती. दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच घेतली. पोच नसती तर ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ हे उत्तर ठरलेलं होतं, कारण नंतर खरंच तेच सांगण्यात आलं. मी शिक्का दाखवला. बऱ्याच दिवसांनी तो कागद फाइलीला टाचला गेला.

पुढच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तो वाचला आणि विचारलं, ‘शौचाचा त्रास फक्त पाळीतच होतो का?’ हा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. एमआरआयमध्ये गर्भाशयामागे गाठी दिसल्या. माझा जीव अक्षरशः भांड्यात पडला.

तुम्ही यात अडकला असाल तर: साध्या सोनोग्राफीत पोटाच्या आतल्या अस्तरावरचे या आजाराचे बारीक ठिपके बहुधा दिसतच नाहीत. तपासणी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिओसिस नाही असं धरू नये, हे युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. डॉक्टरांसमोर ते शांतपणे, पण नक्की बोला. पुढची तपासणी नको म्हणाले तर ‘कारण केसपेपरवर लिहा’ म्हणा. दुखण्याची वही ठेवा, पण ‘खूप दुखलं’ लिहून उपयोग नाही. तारीख, पाळीचा कितवा दिवस आणि त्या दिवशी काय करता आलं नाही, हे लिहा. शक्य असेल तर कोणाला तरी सोबत न्या. सोबतच्याचा शब्द आपल्यापेक्षा लवकर खरा मानला जातो, याचा मला संताप येतो, पण उपयोग होतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच आपल्या फाइलीची प्रत मागून घ्या आणि घरी बसून प्रत्येक ओळ वाचा. ऑपरेशन झालं असेल तर त्याचा अहवाल, आतले फोटो आणि काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट, तिन्ही मागा. हा आजार पुन्हा उद्भवू शकतो, आणि तेव्हा समोर नवे डॉक्टर असू शकतात.