सरांनी मोजायला लावलेले अंतर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे असे शाळेचे पत्र आले आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते प्रयोगशाळेच्या खिडकीशी सोल्डरिंगच्या धुरात मान घालून बसलेले आमचे विज्ञानाचे सर.

नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी मी सायकलला वळणाचे दिवे करायला घेतले. सकाळची शाळा असल्याने डिसेंबरात नाशिकच्या अशोक स्तंभावरून अंधारातच यावे लागे आणि वळताना दाखवलेला हात मागच्या रिक्षावाल्याला दिसत नसे. महात्मा गांधी रोडवरून ५५५ आयसी (दिवा ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी चिप) आणि नारिंगी एलईडी आणून मी ते साबणाच्या डब्यांत बसवले. दिवा लागला, विझला आणि मग बराच वेळ काहीच होईना. लुकलुकण्याचा वेग कपॅसिटरवर ठरतो, तो जितका मोठा तितका दिवा सावकाश; आणि १० मायक्रोफॅरडच्या जागी माझ्याकडून १०० चा कपॅसिटर लागला होता. सरांनी ते पाहताक्षणीच ओळखले असणार; पण काही न बोलता त्यांनी मला मैदानात सायकल चालवायला लावली, स्वतः घड्याळ धरले आणि दिवा एकदा लागल्यापासून पुन्हा लागेपर्यंत सायकल किती पुढे जाते ते टेपने मोजायला सांगितले. वेळ साडेसहा सेकंद, अंतर २७ मीटर. “एवढ्यात तू वळूनही गेलास. मागच्याला कळायचे कधी?” एवढेच त्यांनी विचारले.

कपॅसिटर बदलताच दिवा मिनिटाला सुमारे ९० वेळा लुकलुकू लागला. मोटारींचे इंडिकेटरही ६० ते १२० च्या दरम्यानच चालतात. मग सरांनी तिन्हीसांजेला मला फाटकापाशी उभे करून सायकल दूर नेली. डावा-उजवा दिवा इतके जवळ होते की कोणता लागला आहे तेच ओळखू येईना. म्हणून कॅरियरवर फूटभर लाकडी पट्टी आडवी बांधून तिच्या दोन टोकांना डब्या लावल्या, हँडल वळताना वायर ताणून तुटू नये म्हणून तिथे ती सैल सोडली आणि दोन्ही बाजू एकदम लुकलुकाव्यात, म्हणजे सायकल रस्त्यात बंद पडली तर धोक्याची सूचना मिळेल, यासाठी वेगळा स्विच दिला. त्या वेळचे एलईडी उन्हात दिसत नसत, याची मला फार रुखरुख होती. सर म्हणाले, अंधारासाठी केले आहेस, अंधारात दिसले की झाले.

आज अंबडला माझा कंट्रोल पॅनेलचा कारखाना आहे आणि पॅनेलवरचा प्रत्येक दिवा मी अजूनही दहा पावले मागे जाऊन पाहतो. मागच्या वर्षी शाळेत गेलो तेव्हा प्रयोगशाळेच्या जागी संगणक कक्ष होता आणि सायकल स्टँडवर जेमतेम सात-आठ सायकली होत्या. मन खिन्न झाले. तो १०० चा कपॅसिटर मी टाकलेला नाही. सरांनी त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलेले ‘२७ मी.’ अजून वाचता येते.