गच्चीवरचा पाऊस शीटमध्ये येईना (पर्जन्यमापक, तिसरा पावसाळा)

मंडळी, मागच्या वेळी म्हटलं होतं की आता पावसाचा आलेखच टाकतो. तो राहिला, कारण चार संध्याकाळी कॅल्क (एक्सेलसारखा तक्त्यांचा प्रोग्रॅम) उघडण्यात आणि ते बंद पडण्यात गेल्या. लिबरऑफिस कॅल्कमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ४ दाबायचं, डावीकडे उघडणाऱ्या यादीत 'पाऊस' या डेटाबेसवर क्लिक करायचं, आणि टेबलांची नावं दिसायच्या आत अख्खी खिडकी गायब. एरर नाही, काही नाही. परत उघडलं की फाइल रिकव्हर करू का, एवढंच विचारतं.

नव्यांसाठी मांडणी थोडक्यात: गच्चीवर टिपिंग बकेट (पाणी भरलं की कलंडणारी छोटी बादली), एका झोक्याला ०.२७९४ मिमी पाऊस. रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक दर मिनिटाला एक ओळ एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) लिहितो, ती फाइल रात्री लॅपटॉपवर (लिनक्स) येते आणि कॅल्क ती ओडीबीसीतून, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीतून, वाचतं.

पहिल्या दोन संध्याकाळी मी भलतीकडेच शोधत होतो. प्रोफाइल (लिबरऑफिसच्या माझ्या सेटिंग्जचा फोल्डर) बिघडलं असेल म्हणून सेफ मोडमध्ये चालू केलं. तिथे 'पाऊस' यादीतच नाही! सेफ मोड तात्पुरतं कोरं प्रोफाइल घेतो, त्यामुळे आधी नोंदवलेला डेटाबेस त्यात नसतो; ओडीबी फाइल (त्या जोडणीची माहिती ठेवणारी लिबरऑफिसची फाइल) हाताने उघडावी लागते. उघडली, पडलं. मग जावावर संशय. ती काढून परत टाकण्यात एक तास गेला, आणि नंतर डोक्यात आलं की ओडीबीसीला जावा लागतच नाही. जेडीबीसीला, म्हणजे जोडणीच्या दुसऱ्या पद्धतीला, लागते. असो.

तिसऱ्या संध्याकाळी कॅल्क बंदच ठेवलं आणि टर्मिनलमधून आयएसक्यूएलने (ओडीबीसी तपासायची छोटी कमांड) तोच डेटाबेस जोडून पाहिला. सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत भलतीकडे हात घालून प्रोग्रॅम कोसळला. इतका आनंद मला एखाद्या एररने कधी दिला नव्हता. ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे त्या-त्या डेटाबेसशी बोलणारा भाग, हा वेगळा चालणारा प्रोग्रॅम नसतो. ती एक लायब्ररी असते आणि जो प्रोग्रॅम तिला बोलावतो त्याच्याच मेमरीत जाऊन बसते. ती कोसळली की बोलावणाराही कोसळतो. म्हणजे कॅल्कला मी तीन दिवस उगाच शिव्या घातल्या.

'ओडीबीसीइन्स्ट वजा जे' ही कमांड कुठल्या सेटिंग फाइली वाचल्या जातात ते सांगते. त्यात माझ्या होम फोल्डरमधली जुनी ओडीबीसी डॉट आयएनआय निघाली. सिस्टिमच्या फाइलपेक्षा तिचा मान आधी. ड्रायव्हरच्या ओळीत यूएसआर-लोकल या फोल्डरमधल्या एका लायब्ररीचा पूर्ण पत्ता होता, आणि ती कंपाइल केली होती मीच, दोन सिस्टिम अपग्रेडांपूर्वी, मोठ्या हौसेने. ती उडवली, डिस्ट्रोचं (माझ्या लिनक्सच्या आवृत्तीचं) तयार पॅकेज टाकलं, पत्त्याच्या जागी नुसतं ड्रायव्हरचं नाव लिहिलं. आयएसक्यूएलने 'कनेक्टेड'ची चौकट काढून दाखवली, कॅल्कही गुमान उघडलं.

विंडोजवाल्यांनी आधी लिबरऑफिस आणि ड्रायव्हर यांचे ३२ किंवा ६४ बिट जुळतात का ते बघावं. तिथे गंमत अशी की ६४ बिटचा ओडीबीसी मॅनेजर सिस्टिम३२ फोल्डरमध्ये असतो आणि ३२ बिटचा सिसवॉव६४ मध्ये. आणि दोन्ही फाइलींचं नाव एकच!

टेबल सरळ शीटवर ओढणार होतो, तेवढ्यात हिशेब केला. मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १,४४० ओळी, वर्षाला ५,२५,६००, दोन वर्षांच्या १०,५१,२००. शीटमध्ये ओळी किती? १०,४८,५७६. दोन वर्षांतच शीट भरलं, आणि माझा हा तिसरा पावसाळा. म्हणून डेटाबेसमध्येच एक व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी) केला, दिवसाला एक ओळ देणारा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून वेळ १५ तास ३० मिनिटं पुढे ढकलून तारीख काढली. साडेआठनंतरची सर आपोआप दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जाते. आता कॅल्कला हजारभर ओळीसुद्धा येत नाहीत.

आलेख एकदाचा आला. जुलैमध्ये लागोपाठ दोन दिवस शून्य मिमी, आणि मला पक्कं आठवतंय, त्या दोन दिवसांत आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. गच्चीवर जाऊन झाकण काढलं. बकेटच्या खाली कोळ्याने जाळं विणून तिला एका बाजूला बांधून ठेवलं होतं.