तुम्ही विचारलंत म्हणून: ती तिथे गेलीच कशाला?

कुठे कुणा मिशनऱ्याला मारल्याची बातमी आली की दोन दिवसांत कुणी ना कुणी मला गाठून विचारतंच, "पण हे लोक तिथे जातातच कशाला?" माझी थोरली बहीण धर्मभगिनी आहे, परदेशात मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे, हे ठाऊक असूनच विचारतात. विचारणारे वाईट नसतात. पण मला दर वेळी वाटतं, जाब मारणाऱ्याला विचारायचा तो आपण मेलेल्याला विचारतोय. आजवर मी विषय बदलत आलो. आता एकदाचं लिहून टाकतो.

ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी १९६५ पासून ओडिशातल्या मयूरभंजमध्ये कुष्ठरुग्णांची सेवा करत होते. १९९९ च्या जानेवारीत, २२ तारखेच्या रात्री, ओडिशातल्याच मनोहरपूरला ते दोन मुलांना घेऊन गाडीत झोपले होते. जमावाने ती गाडी पेटवली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला मुख्य दोषी दारासिंग याची जन्मठेप कायम केली, तेव्हा निकालात असं एक वाक्य होतं की आदिवासींचं धर्मांतर करतात म्हणून स्टेन्सना धडा शिकवायचा हेतू होता. चार दिवसांनी न्यायालयाने स्वतःहून ते वाक्य काढलं. कागदावरून ते गेलं. लोकांच्या बोलण्यातून मात्र ते जात नाही, मला आजही रोज ऐकू येतं. फिलिप दहा वर्षांचा होता, टिमोथी सहाचा. त्यांना कसला धडा?

आणि 'हे लोक' म्हणजे साम्राज्याचे गोरे साहेब, असं विचारणाऱ्यांना वाटतं; ते खरे कोण, हेही एकदा बघा. ४ मार्च २०१६ ला येमेनमधल्या एडनच्या वृद्धाश्रमात सोळा जणांना गोळ्या घातल्या. त्यात मदर तेरेसांच्या संस्थेच्या चार धर्मभगिनी होत्या. दोघी रवांडाच्या, एक केनियाची, एक आपल्या झारखंडची. बाकीचे तिथेच राबणारे साधे कामगार. कसलं साम्राज्य आणि कुठला गोरा साहेब? ब्राझीलमध्ये २००५ साली ७३ वर्षांच्या सिस्टर डोरोथी स्टँगना भाडोत्री मारेकऱ्यांनी मारलं. भांडण धर्माचं नव्हतंच. ॲमेझॉनच्या जंगलातल्या गरीब शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी त्या उभ्या होत्या, आणि ती जमीन दुसऱ्यांना हवी होती.

पण मी खोटं बोलणार नाही. ताई येशूचं नाव घेते, लपवत नाही, आणि कुणी बाप्तिस्मा घेतला तर तिला मनापासून आनंद होतो. "ती फक्त सेवा करते" असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. तेवढं सांगितलं की सुटका व्हायची. ते अर्धंच खरं होतं. इतिहासही सगळा स्वच्छ नाही. १८५८ च्या तियानजिनच्या तहाने मिशनऱ्यांना चीनमध्ये आतवर फिरायची मुभा मिळाली, ती तोफांच्या धाकाने. १९०० च्या बॉक्सर उठावात, म्हणजे परकीयांविरुद्धच्या चिनी बंडात, त्याचा राग निघाला, आणि मिशनऱ्यांची लहान मुलंही मारली गेली. मुलांना मारण्याचं समर्थन कुणी करू नये. पण राग कुठून आला हे मला कळतं. २०१८ मध्ये जॉन चाऊ हा अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी बंदी मोडून अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर, जगापासून तुटून राहणाऱ्या आदिवासींकडे गेला आणि मारला गेला. आपल्या साध्या सर्दीनेही तिथली माणसं दगावू शकतात. त्याने जायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. मग तुमचाच प्रश्न मी त्याला विचारतोय की नाही? विचारतोय.

आणि एकदा ताईलाही विचारलाय.

ती काम करते त्या देशाचं नाव लिहीत नाही, तिनेच बजावलंय. रात्री चार बंदूकवाले दवाखान्यात शिरले. औषधं घेतली, मोटरसायकल घेतली, मग लसींच्या फ्रीजची बॅटरी काढायला लागले. राखणदार त्याच गावचा. तो बॅटरी सोडेना. त्यांनी त्याला तिथेच गोळी घातली. ताई मध्ये पडली तर बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर बसला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मी सुखरूप आहे," एवढंच म्हणत होती, आणि समोरचे दोन दात गेल्यामुळे नेमका 'सुखरूप' हाच शब्द तिच्या तोंडून नीट निघत नव्हता. तिने तो तीनदा म्हटला. आणि मी काय बोललो? "तू गेलीसच कशाला तिथे?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला त्याच्या घरी जायचंय," आणि फोन ठेवला.

तीन महिन्यांनी ती रजेवर आली. मी तिचा पासपोर्ट लपवला, माझ्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. चार दिवस. तिला कळलं होतं. मागितला नाही, पण कपाटासमोरून जाताना पाऊल अडखळायचं. पाचव्या रात्री माझाच तोल गेला. म्हटलं, "तुला धर्मासाठी मरून रक्तसाक्षी व्हायचंय का?"

"नाही रे. मला फार भीती वाटते. कडी वाजली तरी पोटात गोळा येतो."

"मग?"

"त्याची बायको आता दवाखान्यात कामाला येते. रोज. तो तिथे गेलाच कशाला, असं तिला कुणी विचारलंय का?"

मी उठून पासपोर्ट काढून दिला. पटलं म्हणून नाही. तिच्याकडे बघवेना म्हणून. राखणदाराचं नाव कुठल्याच बातमीत आलं नव्हतं आणि मीही तोवर ते विचारलं नव्हतं, हे त्या रात्री माझ्या लक्षात आलं.

निघताना मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, "ग्रॅहम स्टेन्सच्या पत्नी ग्लॅडिसही शेवटी ऑस्ट्रेलियाला परत गेल्याच ना?" ताई बॅगेची चेन लावत म्हणाली, "पाच वर्षांनी. तिथे हॉस्पिटल उभं राहिल्यावर."

पुढच्या वर्षी तिच्या पासपोर्टची मुदत संपते. तो नवा करायला ती येणार आहे. फॉर्म मी भरून ठेवलाय. सही तेवढी तिची राहिलीय. तो पाकिटात घालून पुन्हा त्याच कपाटात ठेवलाय, आणि ती मागेल तेव्हा मी तो लगेच देईन की नाही, मला अजून सांगता येत नाही.