केए-२२

आप्पांच्या कार्तिकी वारीला मधेच एका दिवसाचं भगदाड असायचं. ज्या वर्षी १ नोव्हेंबर वाटेत यायचा, त्या वर्षी आदल्या संध्याकाळी हरिपाठ झाला की टाळ विणेकरी मामांच्या हवाली करून ते एसटी पकडायचे. सकाळी बेळगावात काळ्या दिनाची, म्हणजे आमचा मराठी भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची सायकल फेरी, रात्री पुन्हा मिळेल त्या गाडीनं दिंडीत. मामा चिडायचे, "ही कसली वारी गा? पायी म्हणजे पायी!" आप्पा ऐकून घ्यायचे आणि टाळ परत मागायचे.

२०२२ ला त्यांच्या जागी मी होतो. एकादशी ४ नोव्हेंबरला. मी परत फिरलो नाही. त्यांची सायकल घेऊन पुतण्या फेरीला जाणार होता, हे एक कारण. दुसरं, पाय सुजले होते आणि एसटी स्टँडपर्यंत जायचाही कंटाळा आला होता.

चिकोडी, मिरज, कवठेमहांकाळ; कुठला मुक्काम कधी झाला ते सांगता येणार नाही. शेजारच्याचं घोरणं आठवतं. टँकरखाली साबण लावून दहा मिनिटं उभा राहणारा एक माउली आठवतो. त्याला माउली म्हणताना मी दात खायचो.

३१ तारखेच्या संध्याकाळी जुनोनीजवळ एका दिंडीत मोटार घुसली. सात वारकरी गेले, कोल्हापूरकडचे. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच रस्त्यानं, अगदी कडेला चिकटून चाललो होतो. अभंग चालू होता पण आवाज वर चढत नव्हता. आईचे सकाळपासून चार फोन. फेरीचं एका अक्षरानं विचारलं नाही तिनं.

दुपारी उजव्या टाचेचा फोड फुटायला आला. मी मागं पडलो, सामानाचा टेम्पो थांबवला. समोरच्या वस्तीवरून एक आजी आली आणि काही न विचारता माझा पाय तिनं मांडीवर घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातवाला सुई-दोरा आणायला पिटाळलं. त्यानं जाता जाता टेम्पोची पाटी वाचली, "के, ए, बावीस. आज्जी, कर्नाटकातली हायती ही!"

"व्हय? कानडी मुलकातनं आलासा? मराठी ब्येस बोलताय की."

फोडापेक्षा ते जास्त झोंबलं. तेही महाराष्ट्रात, तेही १ नोव्हेंबरला. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आप्पा हिंडलग्याच्या तुरुंगात होते. पण मला आठवतात ते चावडीच्या कट्ट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहिणारे आप्पा. जिथं पंधरा टक्क्यांवर मराठी माणसं आहेत तिथं कागद मराठीतही मिळाला पाहिजे, हा नियम त्यांना पाठ. प्रत्येक अर्जात तो असायचा. उतारा तरी कन्नडमध्येच यायचा. मग आप्पाच तो म्हाताऱ्यांना वाचून दाखवायचे. त्यांच्याइतकं सफाईदार कन्नड आमच्या गल्लीत कुणाला येत नव्हतं.

१९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल, २००४ चा महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा, सगळं जिभेवर आलं. "आजी, गाव तिकडं टाकलंय आमचं, पण आम्ही..."

"पाय हलवू नगंस."

तिनं फोडातून सुई काढली, दोरा आतच ठेवला, पाणी दाबून काढलं, हळद-तेल लावलं. बांधायला चिंधी मागितली. माझ्या पिशवीत आप्पांच्या टाळाबरोबर त्यांची दंडाला बांधायची काळी फीत होती. हात तिथपर्यंत गेला आणि तसाच मागं आला. तिनं वाट बघितली नाही, स्वतःच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला.

"च्यात साखर चालती न्हवं?" तिनं विचारलं. सीमाप्रश्न तिथंच राहिला. चहा फार गोड होता. दोन कप प्यायलो.

त्या रात्री एका शाळेत मुक्काम होता. पुतण्याचा फोन आला. फेरीत सायकलची चेन दोनदा पडली म्हणे, पण पोरगं शेवटपर्यंत गेलं. मी लंगडत आत आलो. सगळी आडवी झाली होती. दाराजवळ एक सतरंजी अंथरलेली, उशाला टॉवेलची घडी, माणूस नाही.

"ही कुणाची?" मी विचारलं.

मामा वीणा भिंतीच्या खुंटीला अडकवत होते. वळले नाहीत. "एक तारीख न्हवं का आज. उशिरा यायचा तो. सवयीनं घातली गेली." थोड्या वेळानं म्हणाले, "पड आता तू तिथं. काकड्याला उठायचंय."