थोडक्यात टळलेल्या अपघाताची चौकशी

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी सुरक्षेचे काम पाहतो. गेल्या महिन्यात क्रेनच्या हुकातून पट्टा निसटून साचा खाली आदळला. हेल्पर हातभर अंतरावरून वाचला आणि ‘देवानं वाचवलं’ म्हणत सगळे पुन्हा कामाला लागले. कायद्यानुसार, दुखापतीमुळे कामगार 48 तास वा त्याहून अधिक काळ काम करू शकत नसेल, तर अपघात कळवावा लागतो. येथे कोणाला खरचटलेही नव्हते, तरीही मी चौकशी केली, कारण माझ्या मते खरी माहिती अशाच वेळी मिळते. माणूस जायबंदी झाला की भीतीने तोंडे बंद होतात.

पट्टा निसटू नये म्हणून हुकाला असलेल्या खटक्याची स्प्रिंग तुटलेली होती आणि खटका बाइंडिंगच्या तारेने मागे बांधला होता. तार कोणी बांधली, हे मी विचारले नाही. ती का बांधावी लागली, एवढेच विचारले. तेव्हा कळले की स्प्रिंगच्या मागणीची चिठ्ठी तीन आठवडे सहीवाचून स्टोअरमध्ये पडून होती, आणि रोजच्या तपासणी तक्त्यावर मात्र त्या सर्व दिवसांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या होत्या. अहवालात मी ती चिठ्ठीच पहिल्यांदा नोंदवली.

आठ दिवसांनी तोच हेल्पर ग्राइंडरचे गार्ड सैल झाल्याचे स्वतःहून सांगायला आला.