हब्बनहट्टीला मलप्रभेच्या पाण्याखालचं ऐकायला जाताना

अंटार्क्टिकात २००५ साली ‘पालाओआ’ नावाचं श्रवणकेंद्र सुरू झालं. सुमारे १०० मीटर जाडीच्या बर्फाला भोकं पाडून खालच्या समुद्रात हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात चालणारे मायक्रोफोन, सोडलेले. ती ध्वनिमुद्रणं ऐकल्यापासून आपल्या मलप्रभेच्या पोटात काय चालतं ते ऐकायची फार ओढ होती. जानेवारीत बेळगावहून जांबोटीचा रस्ता धरला आणि हब्बनहट्टीच्या स्वयंभू मारुतीजवळ नदीत उतरलो.

खडकांतून पाणी उसळतं तिथे हेडफोनमध्ये आधी नुसती चरचर भरते. कान सरावले की तिच्यात बारीक किणकिण वेगळी होते. बुडबुडा तयार होताना आतली हवा थरथरते, तोच हा सूर; बुडबुडा लहान तितका सूर उंच. हिमनदीचा बर्फ समुद्रात वितळतो तेव्हा त्यात दाबून राहिलेली जुनी हवाही अशीच फुटून बोलते. समुद्राचं पाणी गोठून झालेल्या बर्फाचं मात्र निराळं. थंडी वाढली की वरचा थर आकसतो, ताण येतो, तडा जातो. त्या तड्याच्या लहरी बर्फाच्या पत्र्यातून धावताना उंच सूर पुढे निघतात, खालचे मागे राहतात, म्हणून दुरून ऐकणाऱ्याला ‘प्यूंव’ अशी घसरती शीळ येते. वारा आणि प्रवाह बर्फाचे तुकडे एकमेकांवर रेटतात तेव्हा कण्हणं, करकरणं. हे सगळं ऐकून नदीवर आलात तर कान तयार असतात. माझं मत, आधी घरी ते ऐकाच.

ऊन चढल्यावर संथ डोहातल्या पाणवनस्पतींजवळ जरूर थांबा. पानांवरून सुटणारे ऑक्सिजनचे बुडबुडे टिकटिकतात. मला नदीचा सगळ्यात सुंदर भाग हाच वाटला.

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नदी देवळापर्यंत चढते, तेव्हा पाण्याजवळ जाऊ नका. दगड शेवाळलेले असतात. हायड्रोफोनला वजन बांधून दोरीने सोडा, वायरीवर ताण देऊ नका. प्रवाहात ताणलेली वायर स्वतःच गुणगुणते. कपडे धुणाऱ्या बायका यायच्या आत, पहाटे पोहोचा. शेतीचा पंप चालू असला तर त्याची घुंई पाण्यातून लांबवर येते आणि बाकी सगळं बुडतं, तेव्हा थ्री फेज वीज कधी येते ते आदल्या दिवशीच गावात विचारून ठेवा.