मंत्री मोठे की सचिव?

माझी नोकरी मंत्रालयात झाली हे कळले, की लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेले गृहस्थ हमखास विचारतात, "खरं सांगा, राज्य चालवतं कोण? मंत्री की सचिव?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियमाने निर्णय मंत्र्यांचाच. राज्यघटनेच्या अनुच्छेद 166 खालील कार्यनियमावलीनुसार सचिवांनी सल्ला द्यायचा आणि निर्णय त्या सल्ल्याविरुद्ध गेला तरी, कायद्यात बसत असेल, तर तो अमलात आणायचा. निवडून आलेल्या माणसाचा हा अधिकार मला कधीच खटकला नाही. खटकते ते निर्णय स्वतःचा असूनही तो दुसऱ्याच्या टिपणीतून वदवून घेणे.

नस्ती, म्हणजे फाइल, कक्ष अधिकाऱ्याकडून निघते, अवर सचिव, उपसचिव असे करत सचिवांपर्यंत चढते आणि "मान्यतेस्तव सादर" होऊन मंत्र्यांच्या दालनात जाते. खालच्या कोणी टिपणीत "प्रस्ताव नियमात बसत नाही" असे स्वच्छ लिहिले असेल, तर त्याखाली "मान्य" लिहिताना हात आखडतो, कारण उद्या न्यायालयात ती नस्ती मागवली जाऊ शकते. मग शेरा पडतो, "चर्चा करावी". चर्चेत काय झाले हे कागदावर उमटत नाही; नस्ती खाली येते आणि पाठोपाठ "सकारात्मक फेरसादर करा" असा निरोप येतो. तो आणणारा बहुधा मंत्र्यांचा खासगी सचिव किंवा विशेष कार्य अधिकारी असतो. नस्तीवर त्याची सही कुठेच नसते, पण दालनाचे दार त्याच्या हातात असते. ही माणसे कोण असावीत याला किती महत्त्व आहे, ते 2025 च्या सुरुवातीस मुख्यमंत्री फडणवीस यांनी मंत्र्यांनी सुचवलेली काही नावे अडवली तेव्हा सगळ्यांनीच पाहिले.

मग अधिकारी "नाही" का म्हणत नाहीत? अनुच्छेद 311 मुळे सहसा चौकशीविना बडतर्फी होत नाही हे खरे, पण बदलीला चौकशी लागत नाही. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली अधिनियमाने सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा पदावधी दिला आणि मुदतपूर्व बदलीसाठी लेखी कारणे व वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता बंधनकारक केली. प्रत्यक्षात "प्रशासकीय कारणास्तव" एवढ्यावर भागवलेले आदेश मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, रद्द झाल्याची उदाहरणे आहेत; मात्र तोवर मुलांच्या शाळेचे वर्ष विस्कटलेले असते आणि मागे राहिलेल्यांना जे समजायचे ते समजलेले असते.

तोंडी आदेश लेखी नोंदवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात 2013 मध्ये बजावले आहे. मंत्र्यांकडे तसा लेखी आदेश मागणारा कक्ष अधिकारी मी तरी पाहिला नाही. त्यामुळे नव्या मुलांनी विचारले, की मी एवढेच सांगतो: फेरसादर करताना पहिली टिपणी काढू नका आणि नव्या टिपणीची सुरुवात "अमुक तारखेस मा. मंत्री महोदयांच्या दालनात झालेल्या चर्चेनुसार" अशी करून उपस्थितांची पदनामे लिहा. बऱ्याचदा अशी नस्ती दालनातून पुन्हा बाहेर येतच नाही.